टाच आणि चवडा

खंडेराव विधात्यांच्या डाव्या हातातून पाटी सुटली तेव्हा त्यांना वाटलं, थंडीनं बोटं बधिर झाली असतील. माघातली सकाळ होती. मखमलाबादच्या शिवारातल्या त्यांच्या मळ्यात शेवंतीची तोडणी चालली होती आणि त्यांच्या पत्नी मैनाबाई पलीकडच्या सरीत होत्या. सांडलेली फुलं खंडेरावांनी उजव्या हातानं भरली, बांधावर बसून डावा हात झटकला, मांडीवर चोळला आणि कोणाला काही न सांगता तसेच कामाला लागले. फुलं बाजाराला गेली, चहा झाला. तीन तासांनी ओट्यावरून उठायला गेले तर डावा पाय मागेच राहिला आणि ते उंबऱ्यात आडवे झाले.

"थोडं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मेंदूतली एक नस तुंबली होती. बोल लावायला दुसरं कोणीच नव्हतं. हे खंडेरावांना दवाखान्याच्या पलंगावरच कळलं, आणि पुढं कित्येक महिने ते रोज नव्यानं कळत राहिलं.

तो हात नुसता फुलं तोडणारा नव्हता. सकाळी मळा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, अशी त्यांची एकतीस वर्षं गेली होती. 'स्वरगोदा' ऑर्केस्ट्राचे ते गिटारवादक. माळ्याच्या पोराच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार बघून सुरुवातीला लोक हसले, मग ऐकायला लागले. सटाण्यापासून इगतपुरीपर्यंत एकही जत्रा त्यांनी सोडली नसेल. कार्यक्रम सुरू व्हायचा तो त्यांच्या धुनेनं. सहा-सात मिनिटांची, त्यांनी स्वतः बांधलेली. तिला नाव असं नव्हतं, लोक 'खंडूभाऊची धून' म्हणायचे आणि ती ऐकायला वेळेवर येऊन पुढची जागा धरायचे.

चार महिन्यांत पाय काठीच्या आधारानं चालता झाला. हात झाला नाही. बोटं तळव्याकडे वळून बसली होती. मैनाबाई तेल लावून एकेक बोट उलगडायच्या आणि सोडलं की ते परत मिटायचं. गिटार पेटीत गेली, पेटी कपाटावर चढली. ऑर्केस्ट्रानं रोहित नावाचा नवा वादक घेतला. खंडेरावांनी आपला अॅम्प्लिफायर आणि आवाजाला रंग देणारी पायाखालची सगळी पेडलं त्याला देऊन टाकली आणि त्या दिवसापासून घरात गाण्याचा विषय बंद झाला.

भाग्यश्री मॅडम आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला यायच्या. डाव्या पायाचा व्यायाम सोपा होता. खुर्चीत बसून टाच जमिनीला टेकवायची, चवडा वर उचलायचा, खाली टेकवायचा. रोज दोनशे वेळा. खंडेराव वीस वेळा करायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

"नाना, घोटा आखडला तर काठी सुटणार नाही," मॅडम म्हणायच्या.

"नका सुटू देऊ. कुठं नाचायला जायचंय मला."

हे ऐकत आरोही दारात उभी असायची. आरोही त्यांची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक पॅनेलं तपासायच्या कामावर. तिचं नाव खंडेरावांनीच हौसेनं ठेवलेलं, आणि सातव्या वर्षी तिच्या हातात गिटार दिली तीही त्यांनीच. पण सोळा वर्षांची झाल्यावर ती म्हणाली, मला तुमच्याबरोबर ऑर्केस्ट्रात वाजवायचंय, तेव्हा ते म्हणाले होते, "घरात वाजव. चार गावच्या लोकांपुढं उभं राहायचं काम नाय ते आपल्या घरच्या पोरीचं." आरोहीनं वाद घातला नाही. त्यानंतर तिची गिटार तिच्या खोलीतल्या भिंतीवर टांगलेलीच त्यांना दिसली. हौस होती, फिटली, असं समजून ते मोकळे झाले.

जूनमधल्या एका रविवारी आरोहीनं त्यांची खुर्ची आपल्या खोलीत नेली. टेबलावर लॅपटॉप होता, त्याला तळहाताएवढी एक डबी जोडलेली, आणि डबीत गिटारची वायर. खाली जमिनीवर सहा बटणांची काळी पट्टी होती आणि पट्टीच्या डावीकडे शिलाई मशीनला असतं तसं एक पेडल, पण जेमतेम एका पावलाएवढं.

"हे काय मांडलंय?"

"तुमचं सगळं सामान यात आहे, नाना. अॅम्प्लिफायर, डिस्टॉर्शन, डिले, सगळं. खरं नाही, लॅपटॉपमधलं. गिटारचा कोरा आवाज आत जातो आणि तिथं त्याला रंग चढतो."

"आन् हे पायाशी?"

"हा फूट कंट्रोलर. हा स्वतः आवाज करत नाही. बटण दाबलं की लॅपटॉपला नुसता निरोप जातो, की आता दोन नंबरचा आवाज लाव, आता तीन नंबरचा. त्या निरोपाला मिडी म्हणतात. आणि या पेडलनं आवाज कमीजास्त होतो. चवडा दाबला की चढतो, टाच दाबली की उतरतो."

खंडेरावांनी काठीवरची मूठ आवळली. "वाजवणार कोण?"

"पाय तर ठेवा."

तिनं त्यांचा डावा पाय उचलून पेडलवर ठेवला आणि लॅपटॉपवर एक तुकडा सुरू केला. तो त्यांच्याच धुनेचा सुरुवातीचा तुकडा होता, पुन्हा पुन्हा वाजणारा. तो कोणी वाजवलाय, हे त्यांनी विचारलं नाही. टाच खाली होती तोवर काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी चवडा दाबायचा प्रयत्न केला. पाय ऐकेना. पुन्हा दाबला तेव्हा अगदी बारीक सूर आला आणि गेला. मग त्यांना तो सूर हवासा झाला. तो पुरा यावा म्हणून चवडा दाबायचा, मावळावा म्हणून उचलायचा, मावळताना तुटू नये म्हणून हळू उचलायचा. कपाळावर घाम आला. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही.

दारात मैनाबाई उभ्या होत्या. "दोनशे दहा झालं," त्या म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी आरोही कामावरून आली की खुर्ची तिच्या खोलीत जायला लागली. उजवा पाय धडधाकट होता, त्याच्याकडे बटणं आली. डावा पेडल सांभाळायला शिकला. भाग्यश्री मॅडमनी घोटा तपासून बघितला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. पंधरा दिवसांनी आरोहीनं लॅपटॉपमधला तुकडा बंद केला, भिंतीवरची गिटार काढली आणि ती स्वतः वाजवायला लागली. खंडेराव ऐकत राहिले.

"बोटं विसरली नाहीस म्हणायची."

"नाही विसरले," आरोही म्हणाली आणि मान खाली घालून तार सुरात लावायला लागली.

गणपती उठल्यावर एके दिवशी यादवराव आले. 'स्वरगोदा' त्यांनी उभी केली होती, आणि आता तेच ती बंद करत होते. बोलावणी येईनाशी झाली होती, गाणाऱ्या चिमणाबाईंचा गळा थकला होता, आणि स्वतः यादवराव सत्तरीला आले होते. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता शहरातल्या एका सभागृहात शेवटचा कार्यक्रम ठरला होता.

"तुम्ही स्टेजवर पाहिजेच, खंडेराव," ते म्हणाले. "शाल-श्रीफळ देऊ. दोन शब्द बोला. तुमची धून रोहित वाजवेल, चांगली बसवलीय त्यानं."

"म्हणजे मी जिवंतपणी हार घालून बसायचं."

यादवरावांपुढं चहाचा कप ठेवता ठेवता आरोही म्हणाली, "काका, धून मी वाजवते. आवाज नाना चालवतील, पायानं."

यादवरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग खंडेरावांकडं. खंडेरावांना सोळा वर्षांची आरोही आठवली नाही असं नाही. आठवली. पण तिच्याहून जास्त त्यांना स्टेज आठवलं. पडदा उघडायच्या आधीची ती कुजबूज, अॅम्प्लिफायरची बारीक गुणगुण.

"वाजवू द्या तिला," ते म्हणाले.

हे तीन शब्द बोलायला त्यांना आठ वर्षं लागली होती, आणि बोलले तेही स्वतःच्या गरजेपोटी.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात ठिणगी पडली. धुनेच्या मधोमध एक संथ जागा होती. तिथं खंडेराव पूर्वी डिले लावायचे. एक सूर छेडला की त्याचे चार प्रतिध्वनी मागे उमटत जायचे आणि सगळं मैदान भरून टाकायचे. आरोही ती जागा साध्या, कोऱ्या आवाजात वाजवत होती. खंडेरावांनी तीन नंबरचं बटण दाबलं. तिच्या सुरांवर प्रतिध्वनी चढले.

"नाना, इथं नको. ही जागा मला कोरी पाहिजे."

"इथंच तर लोक टाळ्या द्यायचे."

तिनं पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पुन्हा तीन दाबलं. तिनं परत सांगितलं, त्यांनी परत दाबलं. पायाखाली बटण होतं, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या मनासारखं काही तरी होत होतं. चौथ्या वेळी आरोहीनं तळहात तारांवर ठेवून सगळा आवाज बंद केला.

"हात माझे आहेत, नाना."

"धून माझी हाय."

"मग तुमच्या हातांनी वाजवा."

बोलून गेल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं गिटार पलंगावर ठेवली आणि ती बाहेर निघून गेली. खंडेराव खुर्चीतच बसून राहिले. डावा हात मांडीवर होता, मिटलेला. त्याच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

चार दिवस बापलेकीत बोलणं झालं नाही. मैनाबाई दोघांना वेगवेगळं वाढायच्या आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. आरोही कामावर होती, मैनाबाई मळ्यात झेंडू खुडायला गेल्या होत्या. खंडेराव काठी टेकत आरोहीच्या खोलीत गेले. लॅपटॉप कसा सुरू करायचा हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि उजव्या हातानं मोकळी तार छेडली. पाय पेडलवर ठेवला, सूर चढवला, उतरवला. मोकळ्या तारेवर एकच सूर निघतो. तो बदलायला डावी बोटं लागतात. त्यांनी सहाही तारा एकेक करून छेडल्या आणि थांबले. तेवढंच होतं, सहा सूर.

मग त्यांचं लक्ष पडद्याच्या कडेला गेलं. तिथं जपून ठेवलेल्या आवाजांची यादी होती. सरावात ते फक्त वरचे तीन वापरायचे, खाली कधी गेले नव्हते. त्यांनी बोटानं यादी खाली सरकवली. 'नाना १'. 'नाना २'. 'नाना ३'. प्रत्येकापुढं तारीख होती. पहिली तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

त्यांनी 'नाना १' लावला आणि तार छेडली. पत्र्यावर खडा पडावा तसा किरकोळ आवाज आला. 'नाना ५' नको इतका जड होता. 'नाना ९' जवळ आला होता, पण वरून घासल्यासारखा. ते एकेक लावत गेले. 'नाना १४' लावला आणि त्यांचा हात तारेवरच राहिला. तो त्यांचा आवाज होता. त्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरचा, तापल्यावर जरा फाटणारा, खालच्या सुराला घोगरा होणारा. हा आवाज त्यांनी रोहितला देऊन टाकला होता, आणि तो इथं त्यांच्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत होता.

चौदाच्या पुढं 'नाना' नव्हते. त्यानंतरच्या आवाजांना दुसरीच नावं होती. 'शेड'. 'पहाट'. 'कोरा'. त्यांनी 'कोरा' लावला. त्यात काहीच नव्हतं, नुसती तार आणि नखाचा आवाज. असल्या आवाजात बोट जरा घसरलं तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळतं. एकतीस वर्षांत खंडेरावांनी असा आवाज लोकांपुढं कधी लावला नव्हता. त्यांची हिंमत झाली नव्हती, हे त्यांना आज कळलं.

मैनाबाई मळ्यातून आल्या, तरी ते तिथंच होते.

"हे कधीपासून चाललंय?" खंडेरावांनी विचारलं.

मैनाबाईंनी यादीकडं पाहिलं नाही. त्यांना वाचून कळणारही नव्हतं. पण नवरा काय विचारतोय ते त्यांना कळलं. "सहा-सात वर्षं झाली आसतील. कानाला ते लावून बसायची. बाहेर काय आवाज यायचा नाय. तारा नुसत्या टिकटिक करायच्या."

"मी घरात असताना?"

"तवा बी."

"मला कोणी सांगितलं नाय."

"तुम्ही कधी इचारलं नाय." त्यांनी पदरानं हात पुसले. "तुमचा आवाज धरायला बघायची. जमंना. मग एक दिवस जमला तर तिनं माझ्या कानाला लावला. मी म्हणलं, लय हुबेहूब हाय, नानाच वाजवत्यात. तर म्हणली, झालं, आता बास. त्याच्यानंतर मग ती तिचं तिचं वाजवाया लागली."

संध्याकाळी आरोही घरी आली तेव्हा खंडेराव ओट्यावर बसले होते. शेजारी एक वही आणि पेन होतं.

"कुठं कोरा पाहिजे, ते लिहून दे," ते म्हणाले.

आरोही चपला न काढताच उभी राहिली. "नाना, मी त्या दिवशी बोलले ते..."

"खरं बोललीस. बस. लिही."

ती बसली. तिनं आधी नुसतं पेन हातात धरून ठेवलं, मग लिहायला लागली. सुरुवात दोन नंबरवर, पेडलनं शांततेतून वर आणायची. मग तोच भरलेला आवाज, चौथ्या फेरीपर्यंत. संथ जागा कोऱ्या आवाजात, एक नंबरवर. त्या आवाजाला तिनं पेडल जोडलेलंच नव्हतं, तिथं पायाला काही काम नाही. मग पुन्हा दोन नंबर, धुनेचा सगळ्यात जोरकस भाग, खंडेरावांचा आवडता. शेवटच्या सुरावर तीन नंबर, तेवढा एकच डिले. "तो तुमचा," ती म्हणाली. "तो मी काढणार नाही."

खंडेरावांनी ती वही महिनाभर जवळ ठेवली. आपलीच धून ते तिच्याकडून नव्यानं शिकले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह अर्धं भरलं होतं. जे आले होते ते लांबून आले होते. सटाण्याहून एक म्हातारा शेतकरी दोन मुलांना घेऊन आला होता. पहिल्या रांगेतून खंडेरावांना स्टेजवर चढताना पाहून तो शेजारच्याला अहिराणीत म्हणाला, "खंडूभाऊ उना शे," खंडूभाऊ आलाय. रोहितनं लॅपटॉप आणि वायरी स्वतःच्या हातानं लावून दिल्या आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. आरोही पुढं, आणि तिच्या मागं जरा डावीकडं खंडेरावांची खुर्ची. त्यांनी डाव्या पायातला मोजा काढायला लावला. पेडल तळव्याला कळलं पाहिजे, एवढंच ते म्हणाले.

पडदा उघडला. आरोहीनं पहिला सूर छेडला तेव्हा तो कोणालाच ऐकू गेला नाही. मग खंडेरावांनी चवडा हळूहळू खाली नेला आणि सूर सभागृहात आला. दुसरा आला, तिसरा आला. पहिल्या रांगेतला म्हातारा पुढं वाकून बसला. चवडा पुरता टेकला. आवाज भरला. आरोहीची पाठ ताठ होती आणि उजवा कोपर सैल, तो बघून त्यांना बरं वाटलं. पहिली फेरी, दुसरी फेरी. खंडेराव इतके सुखात होते की पाय किती वेळ एकाच जागी ताणलेला आहे याचा त्यांना विसर पडला.

तिसऱ्या फेरीत डावा पाय थरथरायला लागला.

घोट्यातून आपोआप झटके येत होते, एकामागून एक, सारख्या अंतरानं. भाग्यश्री मॅडमनी सांगितलं होतं की या दुखण्यात थकलेला पाय असा कधी कधी उडतो, घाबरायचं नाही, ताण काढला की थांबतो. पण पाय पेडलवर होता. तो उडेल तसा आवाज उडत होता, मोठा, लहान, मोठा, लहान. सगळं सभागृह ऐकत होतं. खंडेरावांनी चवडा जोरानं दाबला. थरथर वाढली. विंगेतून यादवराव एक पाऊल पुढं आले. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं.

आरोहीनं मागं वळून पाहिलं नाही. ती चौथ्या फेरीची जलद तान घ्यायला निघाली होती, ती तिनं सोडून दिली. एकच लांब सूर धरला आणि त्याला थरथरू दिलं. मग दुसरा लांब सूर. ती थांबली होती. आपला बाप काय करतो याची वाट बघत होती.

खंडेरावांनी काठी बाजूला टाकली. उजव्या हातानं डावा गुडघा धरला आणि पाय पेडलवरून उचलून जमिनीवर ठेवला. थरथर ओसरली, पण पेडल मध्येच अडकून राहिलं होतं आणि आवाज निम्म्यावर बसला होता. पाय पुन्हा ठेवला तर पुन्हा उडणार. पेडल नको असेल तर एकच आवाज होता. तो लावला म्हणजे पुढचा सगळा जोरकस भागही कोऱ्याच आवाजात जाणार. त्यांचा आवडता भाग, ज्याच्यासाठी ते इथं आले होते.

त्यांनी उजव्या पायानं एक नंबर दाबला.

आरोहीची मान किंचित हलली. तिला कळलं. ती संथ जागेत शिरली आणि मग वहीत लिहिल्यापेक्षा वेगळी, उघड्या आवाजात, पुढं निघाली. जोरकस भाग आला. त्याला ना भार होता ना प्रतिध्वनी. प्रत्येक सूर नुसता तिच्या बोटांवर उभा होता. एका ठिकाणी तिचं बोट घसरलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. तिनं तीच ओळ पुन्हा घेतली, हळू, आणि पार केली. खंडेराव डावा गुडघा उजव्या हातानं दाबून बसले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते ऐकत होते. धून त्यांची होती, पण हे चालणं त्यांचं नव्हतं. जिथं ते उडी मारायचे तिथं ती थांबत होती. जिथं ते थांबायचे तिथून ती वाकून पुढं जात होती. ही मुलगी सहा वर्षं त्यांच्या भिंतीपलीकडं वाजवत होती.

शेवटचा सूर आला. तीन नंबरचं बटण उजव्या पायाखाली होतं. त्यांनी पाय मागं घेतला. सूर कोराच विझला.

टाळ्या जरा उशिरा आल्या, आणि मग बराच वेळ चालल्या. यादवरावांनी शाल घातली ती खंडेरावांनी घालू दिली. माईक पुढं आला तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

परतताना मळ्याची छोटी गाडी आरोही चालवत होती. मैनाबाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. अजून उजेड होता.

"पाय उडायला लागला," खंडेराव म्हणाले.

"कळलं मला."

"थांबलीस."

"तुम्ही काही तरी कराल म्हणून थांबले."

गाडी गोदावरीच्या पुलावरून पलीकडं गेली.

"तू सोळा वर्षांची असताना मी नको म्हणलो. चुकलं माझं."

आरोहीनं समोर बघत गाडीचा वेग कमी केला, एक रिक्षा पुढं जाऊ दिली. "तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं, नाना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

"हो," खंडेराव म्हणाले.

हात परत आला नाही. ऑर्केस्ट्रा बंद झाला. रोहितनं दोघा-तिघांना जमवून नवा लहानसा संच काढला आणि आरोहीला बोलावलं. आता वाजवायचं तिनं आणि पायही तिचेच. सुरुवातीला ती बटण शोधायला सारखी खाली बघायची. खंडेराव समोर खुर्ची टाकून बसायचे आणि एवढंच म्हणायचे, "वर बघ. बटण पायाला माहीत पाहिजे." महिनाभरात पायाला माहीत झालं.

नव्या संचाचा पहिला कार्यक्रम इगतपुरीला होता, एका शाळेच्या सभागृहात. निघायच्या आदल्या दिवशी आरोही त्यांच्याजवळ येऊन बसली.

"नाना, या वेळी तुम्ही येऊ नका. पुढच्या वेळी या. पहिल्यांदा मला तुम्ही नसताना वाजवायचंय."

खंडेरावांना ते लागलं. त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, किंवा थोडं दिसलं असेल. "बरं," ते म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी ते मैनाबाईंबरोबर मळ्यात होते. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी झेंडूचे क्रेट भरायचे होते. एका हातानं जमेल तेवढं ते भरत होते. साडेसातला फोन वाजला. मैनाबाईंनी तो त्यांच्या कानाला लावून धरला.

"झालं, नाना," आरोही म्हणाली. मागं गोंगाट होता, कोणी तरी खुर्च्या ओढत होतं.

"कसं झालं?"

"दोन ठिकाणी चुकले."

खंडेराव क्रेटच्या कडेवर बसले. "कुठं चुकलीस, सांग," ते म्हणाले, आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.